मणक्यांचा प्रगती अहवाल

माझ्या लेकीच्या गुरुग्राममधल्या फ्लॅटमध्ये, बेडरूमच्या भिंतीवर एक फोटो आहे. दिल्लीतल्या आमच्या जुन्या सरकारी क्वार्टरची मोरी. पाटावर माझी आई बसली आहे, पाय समोर लांब केलेले, पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि तिच्या नडग्यांवर महिन्याभराची माझी लेक पालथी पडली आहे. आईच्या उजव्या हातात तांब्या, डावा हात बाळाच्या पाठीवर. फोटो मीच काढला होता, दारात उभी राहून, अंगावर दोन स्वेटर घालून. माझ्या बाळंतपणाला आई अमरावतीहून आली ती तीन महिने राहिली, आणि त्या तीन महिन्यांत बाळाला अंघोळ घालायला तिनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मलासुद्धा नाही.

लेक दिल्लीतच वाढली. मराठी बोलते, पण मध्ये मध्ये ‘यार’ आणि ‘बिल्कुल’ पेरलेलं, आणि बरेच शब्द वाटेत कुठेतरी गळून पडलेले. नडगी म्हणजे काय ते तिला माहीत नाही, मोरीही माहीत नाही. फोटो मात्र तिनं मोठा करून घेतला, चौकटीत बसवला. ऑक्टोबरमध्ये, तिला सहावा लागला होता तेव्हा, त्याच फोटोखाली पाय पसरून बसली आणि म्हणाली, “आई, बाळाला अंघोळ तू अशीच घालायची हं. पायावर. मी डिलिव्हरीनंतर तुझ्याकडेच येणार.”

“अगं, ती जापावाली सांगून ठेवलीय ना तुझ्या सासूबाईंनी?”

जापावाली म्हणजे इकडे दिल्लीत बाळ-बाळंतिणीचं करायला घरी येऊन राहणारी बाई. चांगली हवी तर चार-पाच महिने आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर मिळत नाही.

“ती असू दे बॅकअपला. पण तू घालशील ना?”

“घालेन की,” मी म्हणाले.

म्हणाले खरी. तेव्हा माझ्या पायांवर कुणी वर्तमानपत्र ठेवलं तरी मला ते उचलून बाजूला ठेवावं लागत होतं.

मला फायब्रोमायल्जिया आहे. हे नाव कळायलाच तीन वर्षं गेली. तोवर मी थायरॉइड, व्हिटॅमिन, पाळी जाण्याचं वय आणि ‘मॅडम, टेन्शन घेऊ नका’ अशा पाट्या गळ्यात अडकवून फिरत होते. नवरा गेला तेव्हापासून हे सुरू झालं असं नातेवाईक म्हणतात. मला तसं वाटत नाही. तो असतानाही अंग दुखायचं, फक्त सांगायला घरात माणूस होतं. शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलातल्या संधिवाताच्या डॉक्टरबाईंनी अंगठ्यानं खांदे, मान, कंबर, गुडघे दाबून पाहिले, सगळे रिपोर्ट चाळले आणि सांगितलं, तुमची हाडं ठीक आहेत, सांधे ठीक आहेत. दुखण्याची खबर देणारी घंटा बिघडली आहे, ती कारण नसताना वाजते. पण वाजते ती खरीच वाजते, असंही त्या म्हणाल्या. त्या शेवटच्या वाक्यासाठी मी त्यांचे पाय धरले असते, पण वाकता येत नव्हतं.

गोळी रात्रीची, चालणं रोजचं, झोप वेळेवर. बरं होण्याचं म्हणाल तर हळूहळू.

आता हे दुखणं लेकीला सांगायचं कसं? तिच्याकडे एकच शब्द, ‘दुखतंय’. माझ्याकडे ठणका आहे, कळ आहे, चमक आहे, रग आहे, ठुसठुस आहे, शिणवटा आहे, आणि दिवसभरात सगळ्यांची पाळी येऊन जाते. पौर्णिमेला विहारात वंदनेला खाली बसता येईना म्हणून मी जाणं सोडलं. लोकांना वाटतं, सतत दुखणारा माणूस रडत असेल. रडत-बिडत नाही कुणी. पहिल्या वर्षी रडतो. मग त्याला काही वाटेनासं होतं. मेट्रोत कुणी धक्का दिला तरी मी मागे वळून बघत नाही, आणि भाजी करपली तरी तीच खाते.

ऑक्टोबरमधल्या त्या दिवशी मात्र मला भीती वाटली. फेब्रुवारीत बाळ येणार होतं. डॉक्टरबाई म्हणतात हळूहळू. बाळ काही हळूहळू येत नाही.

जावई दिल्लीचाच, हिंदी बोलणारा, मनानं फार चांगला. कुठलीही अडचण सांगा, तो खिशातून फोन काढतो. त्यानं मला एक व्हिडिओ दाखवला. एक बाई टेबलावर पालथी पडली आहे, एक तगडा माणूस तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून झटका देतो, कडाड असा आवाज होतो, आणि बाई उठून बसते ती आनंदानं रडतच. खाली लिहिलेलं, बारा वर्षांचं दुखणं बारा सेकंदांत. “मम्मी, एक बार ट्राय तो कीजिए,” जावई म्हणाला. “फायब्रोमायल्जिया भी लिखा है इन्होंने.” मी हो-नाही म्हणेपर्यंत बारा शनिवार ठरवून मोकळा झाला होता.

डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हाडं मोडून हा आजार जातो असं मी तुम्हाला सांगू शकत नाही, तसा भक्कम पुरावा माझ्याकडे नाही. काहींना थोडा वेळ बरं वाटतं. जायचंच असेल तर हलक्या हातानं करायला सांगा, आणि मानेला झटका नको म्हणजे नको. इतकं सरळ सांगितलं त्यांनी. कुणी मला फसवलं असं मी म्हणूच शकत नाही.

तर मी जायला लागले. वैशालीहून, म्हणजे गाझियाबादला मी राहते तिथून, मेट्रोची ब्लू लाईन, मग यलो लाईन, मग ई-रिक्षा. एका जाण्यात दीड तास. दवाखाना पहिल्या मजल्यावर होता आणि खाली कुत्र्यांचे केस कापायचं दुकान, त्यामुळे जिना चढताना नेहमी कुणीतरी केकाटत असायचं. वर भिंतीवर पाठीच्या कण्याचं मोठं चित्र, कुठला मणका सरकला की कुठलं दुखणं होतं ते बाणांनी दाखवलेलं. त्या चित्राप्रमाणे बघितलं तर माणसाला होणारं झाडून सगळं पाठीतूनच होतं. अपचनसुद्धा. खुंटीला एक प्लॅस्टिकचा कणा टांगलेला, तो पंख्याच्या वाऱ्यानं हलायचा.

मणके बसवणारा माणूस पस्तिशीचा, पांढरे बूट, हात गरम. त्यानं माझ्या पाठीवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, “अलाइनमेंट बिगड़ी हुई है, मॅम. नर्व दब रही है. इसीलिए पूरी बॉडी में पेन है.”

जन्मभर सरकारी खुर्चीवर बसलेल्या बाईची अलाइनमेंट राहणार तरी कशी सरळ! तरी मी म्हणाले, “एक्स-रे तो नॉर्मल आया है.”

“एक्स-रे में ये नहीं दिखता.”

काय बोलणार! जे दिसत नाही तेच बिघडलंय असं म्हणणारा तो, आणि जे दिसत नाही तेच दुखतंय असं म्हणणारी मी. जोडी चांगली जमली होती.

मानेचं आधीच बजावलं. पालथी झोपले. “लंबी सांस, मॅम. छोड़िए.” आणि कंबरेत कडाड! माझ्याच पाठीतून एवढा आवाज निघू शकतो हे मला माहीत नव्हतं. “अगं आई गं!” मी मराठीतून ओरडले, तर तो खूश झाला. त्या धंद्यात ओरडणं चांगलं समजतात. मग उजव्या कुशीवर घेऊन एक, डाव्या कुशीवर घेऊन एक. उठून बसले तेव्हा पाठीत ऊब होती, आणि थोडा वेळ, खरोखर, दुखत नव्हतं. याबाबतीत मी खोटं सांगणार नाही. पुढे बोलले खोटं, पण इथे नाही. जिना उतरताना मला कुत्र्यांचा आवाजही गोड लागला. यलो लाईनवरून ब्लू लाईनला बदलेपर्यंत ते टिकलं. वैशालीला उतरले तेव्हा सगळं आपापल्या जागी परत येऊन बसलं होतं.

दुसऱ्या शनिवारी रिसेप्शनवरच्या मुलीनं एक फॉर्म हातात दिला. दुखणं शून्य ते दहा, किती? थकवा किती, झोप किती? पहिल्या दिवशी तोंडी विचारून तिनं आठ लिहून घेतला होता. आता मी स्वतः भरायचा होता.

इथे माझ्या नोकरीचं सांगायला हवं. मी एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे, तीस वर्षं झाली. आमच्याकडे दर तीन महिन्यांनी प्रगती अहवाल जातो. किती गावांत काम झालं, किती टक्के पूर्ण. त्या अहवालाचा एकच नियम आहे आणि तो कुठल्याही कागदावर लिहिलेला नाही. एकदा गाठलेला आकडा मागे जात नाही. मागे गेला की वरून खुलासा मागवतात. मग खुलाशाचा मसुदा, मसुद्यावर शेरे, शेऱ्यांवर पुन्हा शेरे, नाकी नऊ येतात. म्हणून आम्ही आकडा थोडा थोडा पुढे सरकवत राहतो. यात कुणी पैसे खात नाही, कुणाचं वाईट व्हावं असंही नसतं. ती हाताची सवय आहे. मुलगी काउंटरवर वाट बघत होती, मागे दोघं उभे होते, जावयानं एवढ्या हौसेनं पाठवलेलं. मी पेन घेतलं आणि आठच्या जागी सात लिहिला.

पुढच्या शनिवारी परत सात. त्याच्या पुढच्या शनिवारी साडेसहा. अर्धा आकडा टाकला की अहवाल खरा वाटतो, ही युक्ती आमच्या सेक्शनमध्ये नव्या लोकांना मीच शिकवते.

त्या फॉर्मवरून संगणक आलेख काढायचा आणि तो जावयाच्या फोनवर जायचा, कारण नाव त्यानं नोंदवलं होतं. जावई तो घरच्या ग्रुपवर टाकायचा. निळी रेघ, डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली. खाली लेकीचे चार बदाम. “वाह आई!!” मी अंगठा पाठवायचे. अंगठ्याचं हाड त्या दिवसांत फार ठणकत असे.

सहाव्या शनिवारी त्यानं मान धरली. मी पालथी होते, तो म्हणाला, “मॅम, यहाँ बहुत टाइट है, बस हल्का सा,” आणि मी नको म्हणण्याच्या आत मान फिरवून झाली होती. मी ताडकन उठले. “मैंने पहले दिन बोला था ना! समझ में नहीं आता आपको?” बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडले. त्यानं लगेच माफी मागितली, पाणी दिलं. सोमवार आणि मंगळवार मी रजेवर होते. उशीवर डोकं ठेवता येत नव्हतं, आणि अंगावरच्या गाऊनचं कापडही सहन होत नव्हतं. तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला, काय चाललंय म्हणून. मी सांगितलं, ऑफिसात फार काम आहे. पुढच्या शनिवारी परत गेले. का गेले ते मलाही नीट सांगता येत नाही. रेघ उतरत होती, तिला मध्येच सोडायचं कसं? फॉर्मवर पाच लिहिला.

तो पाच बघितला आणि लेकीनं फोन केला. आवाज नुसता नाचत होता. “आई, एक गुड न्यूज. मी त्या जापावालीला नाही सांगून टाकलं. तिला दुसरीकडून विचारत होते, तर म्हटलं अडकवून कशाला ठेवायचं. तू आहेस ना?”

सांगायचं तर तिथेच सांगायचं होतं. गॅसवर दूध होतं, ते वर येताना मी बघत होते. डोक्यात अख्खं वाक्य तयार होतं: अगं, ते आकडे खरे नाहीत. दूध उतू गेलं.

“आहे की,” मी म्हणाले आणि ओटा पुसला.

बाराव्या शनिवारी चार होता. त्या माणसानं माझ्याशी हात मिळवला, पुढचे बारा घ्या म्हणाला, आणि तुमचा आलेख भिंतीवर लावू का, नाव झाकून, असं विचारलं. मी लावा म्हणाले. म्हणजे तिथे अजून कुणी फायब्रोमायल्जियाची बाई गेली असेल तर तिनं जिना चढून माझी रेघ बघितली असेल. त्याची लाज मला आजही वाटते. त्या माणसाचं मी काय म्हणू? त्यानं पाठ मोडली आणि मी आकडे दिले. माझ्या आकड्यांवर त्याचाही विश्वास बसला असणार.

नात झाली फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. तीन किलोला थोडी कमी, केस भरपूर. पाचव्या दिवशी लेक बाळाला घेऊन वैशालीला माझ्याकडे आली, सोबत जावई; त्यानं रजा घेतली होती, मीही. नाळ पडेपर्यंत नुसतं पुसून घ्यायचं असं हॉस्पिटलनं सांगितलेलं. ते दिवस मी मोजत होते. रोज सकाळी दार लावून, एकटी, बाथरूममध्ये पाटावर बसून पाय लांब करून बघायचे. नडग्यांवर उशी ठेवायची, मनात शंभरपर्यंत आकडे म्हणायचे. साठ-सत्तरला उशी काढून ठेवायचे. उशीच ती, तिला काय! बाळ ठेवलं की जमेल, मायेनं जमेल, असं मी स्वतःला सांगत होते. माझ्या आईला तरी काय कमी दुखत असेल?

अकराव्या दिवशी नाळ पडली. बाराव्या दिवशी सकाळी दहाला, ऊन बाल्कनीत आल्यावर, आम्ही तयारी केली. बादलीत पाणी विसणून घेतलं, कोपरानं तीनदा बघितलं. वाटीत कोमट तेल, दुसऱ्या वाटीत दुधात कालवलेलं मसूर डाळीचं पीठ. लेक प्लॅस्टिकच्या स्टुलावर, खाली उशी घेऊन, कारण टाके होते. तिच्या हातात फोन, व्हिडिओ चालू. जावई दारात टॉवेल पसरून उभा. मी साडी गुडघ्यापर्यंत खोचली, पाय लांब केले, टाचा जुळवल्या, आणि नात माझ्या नडग्यांवर पालथी ठेवली.

तिचं वजन मला कळलंच नाही आधी. ऊब कळली. मग तिचे गुडघे कळले. एवढेसे गुडघे, ते माझ्या हाडांत उतरत गेले. मी तेल घेतलं. पाठीवरून, ढुंगणावरून, पायांवरून. लेक म्हणाली, “आई, इकडे बघ ना.” मी बघितलं, हसले. मनात आकडे चालू होते. चाळीसला उजवा पाय ठणकायला लागला, पन्नासला डावा. पाण्याचा पहिला तांब्या ओतला. बाळ रडलं नाही, मस्त शांत पडून होतं. दुसरा तांब्या ओतला आणि माझ्या पायांतलं दुखणं एकदम थांबलं. मला वाटलं, बघा, जमलं. ते जमलं नव्हतं. कंबरेखाली पाय मेले होते. नुसत्या मुंग्या. उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलं ते मला दिसलं, पण कळलं नाही, आणि दोन नडग्यांच्या मध्ये फट पडली आणि त्या फटीत बाळ सरकलं.

मी दंड धरला तिचा. तेलकट हात, तेलकट दंड, माझ्या बोटांत जोर नाही. निसटत होता. जावयानं टॉवेलसकट झडप घातली आणि तिला उचललं.

तिला काही झालं नाही. डोकं फरशीपासून वीतभर वर होतं. दंडावर माझ्या बोटांच्या खुणा उमटल्या त्या संध्याकाळपर्यंत गेल्या. पण “आई!” म्हणून लेक जी ओरडली ती ओरड माझ्या कानातून अजून गेलेली नाही. डॉक्टरला दाखवून आणलं, सगळं ठीक म्हणाले. बाळ दूध पिऊन झोपलं. मी तोवर ओल्या साडीतच बेडच्या कडेला बसले होते. मला कुणी उठवून कपडे बदलायला लावले नसते तर मी तशीच बसून राहिले असते. काही वाटत नव्हतं.

दुपारी लेक समोर येऊन बसली. “आई, किती?”

“काय किती?”

“शून्य ते दहा.”

“नऊ,” मी म्हणाले.

“आज की रोज?”

“आज नऊ. रोज आठ.”

“आणि ते चार?”

मी सगळं सांगितलं. सात कसा लिहिला, साडेसहा कसा लिहिला, मानेनंतर पाच कसा लिहिला. ती ऐकत होती. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे गं आई. ती तसं म्हणाली नाही. “मी त्या आकड्यांवर माझं बाळ ठेवलं, आई,” ती म्हणाली. “मलासुद्धा रिपोर्टच पाठवलास?” आणि उठून आत गेली. मी काहीही बोलले असते तरी ते खुलाशासारखंच वाटलं असतं.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. त्या दोन दिवसांत बाळाला नुसतं पुसून घेतलं. जापावाली दुसऱ्या घरी लागून गेली होती, दुसरी मिळत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी जावयानं हाफ पँट घातली आणि बाथरूममध्ये पाटावर जाऊन बसला. “मम्मी, आप बताइए,” तो म्हणाला. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सांगितलं. टाचा जुळवा. अंगठे आत. बाळाचं डोकं घोट्यांकडे, तोंड एका बाजूला. त्याच्या पायांवरच्या केसांत तेल माखलं, बाळानं तिथेच शू केली, तो हसायला लागला. फार नीट घातली त्यानं अंघोळ. पहिल्या दिवशीच. मी बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. माझ्या मांडीवर टॉवेल होता, मी त्याच्या घड्या घालत आणि मोडत होते.

मग ते रोजचंच झालं. तो पाटावर, मी खुर्चीवर, लेक दारात. आणि अंघोळीआधी रोज लेक मला विचारायची, “आई, किती?” माझ्याकडे न बघता, बाळाचे कपडे काढता काढता विचारायची. मी सांगायचे. आठ. आठ. साडेसात म्हणाले तेव्हा तिनं माझ्याकडे रोखून बघितलं, मी म्हणाले खरंच साडेसात. एक दिवस सात. मी डॉक्टरबाईंची गोळी वेळेवर घेत होते, गच्चीत चालत होते. शनिवारी कुठेही जात नव्हते.

सव्वा महिना व्हायच्या आसपासची गोष्ट. लेक दोन दिवसांनी गुरुग्रामला परत जाणार होती. अंघोळ झाली, जावयानं बाळाला टॉवेलात गुंडाळून तिच्याकडे दिलं. त्या दिवशी विचारायचं राहिलं होतं, ते तिनं तेव्हा विचारलं.

“आई, किती?”

“नऊ.”

“काल सात होतं.”

“हो. मागे गेलं.”

आता ती विचारणार, का मागे गेलं, काय केलंस, गोळी चुकली का, जास्त चाललीस का. मनातल्या मनात उत्तरं जुळवायला मी सुरुवातही केली होती. तिनं यातलं काही विचारलं नाही. बाळाला घेऊन माझ्या खुर्चीजवळ खाली बसली आणि म्हणाली, “कुठे नाही दुखत?”

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी नाही, मणकेवाल्यानं नाही, मीसुद्धा स्वतःला नाही. मला शोधावं लागलं. मान? दुखत होती. खांदे, कंबर, पाय, अंगठे, सगळे दुखत होते. बराच वेळ लागला.

“हा,” मी म्हणाले आणि उजव्या हाताचा तळवा उघडून दाखवला.

तिनं टॉवेलातून बाळाचं एक पाऊल बाहेर काढलं आणि त्या तळव्यावर ठेवलं. ओलसर होतं, गरम होतं. मी बोटं मिटली नाहीत.